खंडेनवमीचा बॅकअप

मधल्या यंत्राच्या दर्शनी पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा होता. यंत्र ठणठणीत असलं की तो संथपणे लुकलुके. काही बिघडलं की लाल होई आणि लाल झाला की लुकलुकत नसे. खंडेनवमीला उर्वशीनं कपाटाचं दार उघडलं तेव्हा तो तांबडा होता आणि लुकलुकतही होता. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती वाकली, चष्मा पुसला, पुन्हा वाकली. दिवा हिरवाच होता. त्याच्यावर नागोरावकाकांचं कुंकवाचं बोट टेकलं होतं.

तिन्ही यंत्रांना हळदकुंकू होतं, झेंडूची एकेक माळ होती आणि हवा आत घ्यायच्या जाळीवर अक्षता होत्या. उर्वशीनं अक्षता चिमट्यानं वेचून काढल्या. माळांना हात लावला नाही. कार्यालयाची देखभाल करणारे नागोरावकाका दारात उभे होते आणि माळ काढणाऱ्या माणसाकडे ते कसं पाहतात हे तिला मागच्या वर्षीपासून माहीत होतं.

यवतमाळला बसस्टँडच्या मागे, एका औषधांच्या दुकानावरच्या माडीत 'शेतवाणी'चं कार्यालय होतं. रोज सकाळी साडेसहाला इथून जिल्ह्यातल्या नऊ हजार शेतकऱ्यांचे मोबाइल वाजत. उचलला की एक गोड, शहरी बाई म्हणे, "नमस्कार, शेतवाणीमध्ये आपलं स्वागत आहे. ऐका आजचा सल्ला." मग सल्ला. शेवटी पुन्हा तीच बाई: "हा सल्ला पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा." एक कोणी दाबत नसे. याची आकडेवारी उर्वशीकडे होती. बहुतेक लोक 'आर्थिक नुकसानीची पातळी' या शब्दांपर्यंत पोचायच्या आतच फोन ठेवून देत.

शास्त्रज्ञांकडून येणारा सल्ला मराठीत लिहायचं कामही उर्वशीचंच. शिक्षण एम.एस्सी., विषय संख्याशास्त्र. ती कळंबहून रोज एसटीनं यायची, डबा उघडायची विसरायची आणि खात्री पटल्याशिवाय कोणत्याही गोष्टीला होकार द्यायची नाही. कार्यालयाचे मालक सेवादासभाऊ तिला चहा घेणार का असं विचारून स्वतःचा चहा संपवत. तोवर तिचं उत्तर येई.

अशी मुलगी बढाई मारत नाही. पण त्या आठवड्यात तिनं मारली. कॉल लावणारी कपाटातली ती तीन जुनी यंत्रं मिळून संगणकांचा एक क्लस्टर होता, म्हणजे एकाला ताप आला तर उरलेली दोघं काम ओढत. हल्ली तिघांनाही आळीपाळीनं ताप येत होता. म्हणून सेवादासभाऊंनी नागपुरात भाड्यानं नवा क्लस्टर घेतला होता. जुन्याचा बॅकअप घ्यायचा, तो नव्यात उतरवायचा, आकडे ताडून पाहायचे आणि फोनची जोडणी नव्याकडे वळवायची. बिऱ्हाड हलवण्यासारखंच काम. फरक इतकाच की जुनं बिऱ्हाड जागेवर राहतं आणि नव्या घरात हुबेहूब तसंच दुसरं उभं राहतं.

"बेटा, नऊ हजार लोक आहेत," सेवादासभाऊ म्हणाले. "कुछ गडबड?"

"यात चुकायला जागाच नाही, भाऊ," उर्वशी म्हणाली.

हे वाक्य तिला पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

आता ज्या जागेतून चूक शिरली ती सांगायला हवी. नागोरावकाकांच्या टेबलाखाली आणखी तीन यंत्रं होती. भंगारातून वाचवलेली, झाकणं नसलेली, एकाला तर पंख्याऐवजी शेजारच्या दुकानाचा जुना टेबलफॅन. हा चाचणीचा क्लस्टर. खऱ्या यंत्रणेत काही नवं करायच्या आधी उर्वशी ते इथं करून पाही. चाचणी खऱ्यासारखीच व्हावी म्हणून तिनं खऱ्या शेतकऱ्यांची यादी गाव-तालुक्यासकट इथं आणून ठेवली होती. फोनची जोडणी मात्र नव्हती, त्यामुळे इथून कॉल कोणालाच जात नसे. राहिला प्रश्न सल्ल्यांच्या आवाजाचा. खरे सल्ले इथं ठेवले तर कधीतरी खऱ्या-खोट्याची सरमिसळ होईल, असा तिनं दूरवरचा विचार केला. आवाज असा हवा की ऐकताक्षणी कोणालाही कळावं, हे काही खरं नाही.

असे आवाज तिच्या मोबाइलमध्ये भरपूर होते. तिची आई, मैनाबाई, फोन करत नसत. बोललेले निरोप पाठवत. मुलगी फोनवर फक्त हं-हं करते, त्यापेक्षा आपलं बोलून टाकलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. निरोप नेमके सल्ल्याच्या लांबीचे असत. उर्वशीनं ते उचलले आणि सल्ल्यांच्या जागी ओळीनं लावून टाकले. पहिल्या नंबरावर जो निरोप होता, तो असा:

"हे पाय, मी आता रोज रोज इचारनार नाही. आठ महिने झाले. हो असन त हो म्हन, नाही असन त नाही म्हन. मनातल्या मनात कुढून कोनाचं भलं झालं? समोरचा मानूस काय दगड हाय? त्याले बी वाटते. अन् जेवत जाय टायमावर."

समोरचा माणूस म्हणजे अंकुर. कळंबजवळच त्याची कपाशी आणि तूर होती, आणि त्यानं शेतकी कॉलेजही केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तो उर्वशीला पाहायला आला, पोहे खाल्ले, आणि काही विचारायचं असेल तर विचारा असं मैनाबाईंनी म्हटल्यावर त्यानं विचारलं ते असं, की सकाळच्या कॉलवर ती बाई जे बोलते ते तिला लिहून कोण देतं. उर्वशी म्हणाली, मी. "मंग थोडं सोपं लिहा न," तो म्हणाला.

त्या वाक्यानं तिचा अपमान झाला. मग तिनं मागचे सगळे सल्ले काढून वाचले आणि तिच्या लक्षात आलं की माणूस बरोबर बोलत होता. हे दुसरं पहिल्यापेक्षा जास्त त्रासदायक होतं. तेव्हापासून ती सल्ला लिहिताना अंकुर तो ऐकतोय असं धरून लिही, आणि शास्त्रज्ञ ते परत अवघड करून पाठवत. माणूस तिला आवडला होता. पण आपली नोकरी, आपली एसटी, आपली यंत्रं यांचं काय होणार हे तिनं त्याला विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं, आणि विचारल्यावर भलतंच उत्तर आलं तर ते पुसता येत नाही. बॅकअप सगळ्याचा घेता येतो, बोलून टाकलेल्या शब्दाचा येत नाही. म्हणून ती "विचार करते" म्हणाली आणि खरोखरच विचार करत राहिली. तिकडून निरोप आला, चालू द्या विचार.

खंडेनवमीला ठरलं होतं ते असं: संध्याकाळी जुन्या क्लस्टरचा बॅकअप आपोआप निघेल, मग नागोरावकाका यंत्रं बंद करतील, आणि दसऱ्याला, मुहूर्त साधून, उर्वशी तो नव्या घरात उतरवेल. सणाचे दोन दिवस कॉल जात नसत, त्यामुळे कोणाचं अडणारही नव्हतं. उर्वशी अक्षता वेचून घरी गेली. तिची पाठ वळताच नागोरावकाकांनी आरती केली, पेढा ठेवला आणि भर दुपारीच तिन्ही यंत्रं बंद करून टाकली. खंडेनवमीला हत्याराला आराम द्यायचा असतो. पूजा झाल्यावर नांगर कोणी चालवत नाही, वखर चालवत नाही; मग या बिचाऱ्यांनीच काय पाप केलं?

टेबलाखालच्या भंगाराला काका हत्यार समजत नसत. त्याची पूजा झाली नाही, त्याला आरामही मिळाला नाही. संध्याकाळी त्यानं इमानेइतबारे आपला बॅकअप काढला आणि नेहमीच्या डिस्कवर ठेवून दिला. दोन्ही क्लस्टरांचे बॅकअप एकाच डिस्कवर जात, कारण दुसरी डिस्क सेवादासभाऊ दिवाळीनंतर घेणार होते.

दसऱ्याला उर्वशीनं नव्या क्लस्टरला सांगितलं, सगळ्यात ताजा बॅकअप घे. त्यानं घेतला. तो उतरल्यावर तिनं शेतकऱ्यांची संख्या ताडून पाहिली, बरोबर निघाली. गावं बरोबर, तालुके बरोबर, सल्ल्यांची संख्या बरोबर. बरोबर असणारच होतं. चाचणी खऱ्यासारखी व्हावी म्हणून तिनं स्वतःच एवढी मेहनत घेतली होती. तिनं सगळं मोजलं. फक्त काही ऐकलं नाही. सेवादासभाऊंनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, नव्या क्लस्टरसाठी म्हणून एक पान नागपूरच्या दिशेनं भिंतीजवळही ठेवलं, आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उर्वशी माडीवर पोचली तेव्हा कार्यालयाचे दोन्ही फोन एकाच वेळी वाजत होते. एरवी ते इतके कमी वाजत की काका त्यांवर आपली टोपी वाळत घालत.

"सकाळपासून चालू हाय," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावला होता. "लोक म्हनते सल्ला लई चांगला होता."

उर्वशीला क्षणभर बरं वाटलं. बोंडअळीचा सल्ला तिनं या वेळी शास्त्रज्ञांशी भांडून सोपा ठेवला होता.

मग काकांनी काय काय फोन आले ते सांगितलं. आर्णीकडचा एक माणूस म्हणाला, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून मी भावाशी बोलत नव्हतो, आज तुमच्या बाईनं सांगितलं म्हणून जाऊन बोललो. तो पण हो म्हणाला, कारण त्यालाही कॉल आला होता. राळेगावकडच्या एकीनं सांगितलं, की नवऱ्यानं तीन वर्षं टाळलेली न्हाणी आज सकाळी गवंड्याला बोलावून सुरू केली, तर त्या बाईला म्हणा, उद्या जरा छपराचंही बोला. एका गावात सरपंचानं पदाचा राजीनामा दिला होता. एवढे दिवस तो हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी, आपल्याला अरे-तुरे केल्याची तक्रार नोंदवून, वेळेवर जेवल्याचं कळवलं होतं.

"बोंडअळीवर?" उर्वशीनं विचारलं.

"बोंडअळीचं कोनी काही बोललं नाही बाप्पा."

तिनं हेडफोन लावले. गोड, शहरी बाई म्हणाली, ऐका आजचा सल्ला. त्यानंतर मैनाबाई म्हणाल्या, हे पाय. उर्वशीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते इतक्या हळू, इतक्या सरळ रेषेत ठेवले, की काकांना वाटलं, कोणीतरी गेलं.

तेवढ्यात सेवादासभाऊ जिना चढून आले. त्यांच्याकडे वेगळ्याच जातीचे फोन जात होते. पुष्कळ घरांत सकाळचा कॉल मोठ्या आवाजात, अंगणात लागतो. कोणा परक्या बाईनं घरधन्याला, आठ महिने झाले, हो म्हण नाहीतर नाही म्हण, असं म्हटलेलं त्या-त्या घरच्या बायकोनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही कुठं गेला होता, इथून चौकशा सुरू झाल्या होत्या. नऊ-दहा नवरे सेवादासभाऊंकडे लेखी मागत होते, की सदर बाईशी आमचा काही संबंध नाही. एकाला चहा मिळाला नव्हता. एकाचं जेवण बंद होतं, आणि जेवत जा टायमावर असं ती बाई म्हणाली म्हटल्यावर तर रात्रीचंही बंद झालं होतं.

"ही बाई आहे कोण?" सेवादासभाऊंनी विचारलं.

"चाचणीचा आवाज आहे," उर्वशी म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

तिनं झरझर शोध घेतला. डिस्कवर खंडेनवमीचा बॅकअप एकच होता, भंगाराचा. कपाटातली यंत्रं माळा घालून अजून आराम करत होती. तिनं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, पूजा झाल्यावर बंद करायची असं तुम्हीच म्हणाल्या होत्या. ती म्हणाली, संध्याकाळी म्हणाले होते. काका म्हणाले, पूजा दुपारी झाली. यात कोणाचंच काही चुकलं नव्हतं. मग सगळं समजून घेतल्यावर काका खाली वाकले, टेबलाखालच्या उघड्यावाघड्या यंत्रांकडे पाहिलं आणि खऱ्या पश्चात्तापानं म्हणाले, "त्याईची पूजा राह्यली न. म्हनून झालं."

आणि मग उर्वशीला आठवलं, की दुसऱ्या नंबरावर कोणता निरोप आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी अकराला बाजारभावाचा एक जादा कॉल जात असे. आज घाटंजीचा बाजार होता. तिनं घड्याळाकडे पाहिलं, अकरा वाजून गेले होते. ती कळफलकावर तुटून पडली आणि कॉल थांबवला. पण तोवर घाटंजी तालुका संपला होता. तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांना आजच्या बाजारभावाऐवजी मैनाबाईंनी सांगितलं होतं, की येताना सांभार घेऊन ये, जुडी हिरवी पाहून घे, मागच्या वेळेसारखा पिवळा आणू नको.

पाऊण तासात बाजारातून फोन आला. सांभार संपला होता. कोथिंबीर विकणारी एक म्हातारी भाजीवाली पाटी रिकामी करून उभी होती आणि पिवळ्या जुडीकडे लोक बोटं दाखवून म्हणत होते, ही नको, सरकारनं नाही सांगितली.

"शेतवाणी सरकारी नाही," उर्वशी क्षीण आवाजात म्हणाली.

"ते मी सांगतो," सेवादासभाऊ म्हणाले. "तू आधी ती बाई बंद कर."

तिनं कपाट उघडलं, जुनी यंत्रं चालू केली आणि खरा बॅकअप काढायला लावला. मधल्या यंत्राचा दिवा कुंकवाखालून लुकलुकू लागला. या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळात फक्त पडद्यावर सरकणारी पट्टी पाहत बसायचं असतं. ती बघत बसली. पाठीमागं फोन वाजत होते. ते वाजणं बदललं आहे, हे काकांच्या लक्षात तिच्या आधी आलं.

"आता येगळंच इचारून राह्यले लोक," ते म्हणाले. "म्हनते, त्या पोरीनं काय ठरवलं?"

उर्वशी गर्रकन वळली. कोणत्या पोरीनं?

कळंबात अख्खी गल्ली मैनाबाईंचा आवाज ओळखते. गल्लीतून तो मोबाइलच्या गटांवर गेला, गटांवरून गावोगाव, आणि दुपारपर्यंत जिल्ह्याला कळून चुकलं होतं, की सकाळची बाई आपल्याला नाही, आपल्या पोरीला रागावत होती, आणि ती पोरगी खुद्द शेतवाणीतच आहे. बायकोचे गैरसमज मिटलेले नवरे आता आभार मानायला फोन करत होते आणि जाता जाता उत्तर विचारत होते. ज्यांनी स्वतः सकाळी ठरवून टाकलं होतं ते तर जास्तच घायकुतीला आले होते. आम्ही न्हाणी बांधायला घेतली, सरपंचपद सोडलं, भावाशी बोललो. आता तिचं काय ते होऊ द्या.

सेवादासभाऊ उर्वशीकडे टक लावून पाहू लागले. मग म्हणाले, "आठ महिने? मला वाटलं फक्त चहाचंच तुझं असं आहे."

जिन्यावर पावलं वाजली आणि आधी डब्याची पिशवी, मग मैनाबाई आणि मग अंकुर आत आला. दोघं त्याच्या मोटरसायकलवरून कळंबहून आली होती. मैनाबाईंच्या केसांत रस्त्यावरची धूळ होती आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणावं की मान मिळाल्याचं समाधान, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

"शेजारची रुक्माबाई सकाळीच दारात," त्या कोणालाच न उद्देशून म्हणाल्या. "मैनाबाई, तुमी माया नवऱ्याले काऊन रागावल्या? मी म्हटलं, मी कायले रागावू? तुमी पुरेशा हाय."

उर्वशीनं सगळं सांगितलं. आवाज कुठून घेतला, कुठं ठेवला, यंत्रांना आराम कसा मिळाला. मैनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातून त्यांना जे कळायचं ते कळलं.

"म्हनजे मायं बोलनं आयकल्याबरोबर कोनालेही वाटावं की हे काही खरं नाही, म्हनून घेतलं तू?"

सेवादासभाऊंनी खुर्ची पुढं केली. काकांनी खंडेनवमीचा उरलेला पेढा पुढं केला.

अंकुर अजून दाराशीच होता. तो उर्वशीकडे न पाहता, टेबलफॅन लावलेल्या यंत्राकडे पाहत म्हणाला, "मले वाटलं मावशींनं मलेच फोन केला. मी हो म्हटलं. तीनदा म्हटलं. पन त्या ऐकूनच घेईनात. म्हनून एक दाबला, त पुन्हा तेच, हो म्हन नाहीतर नाही म्हन. मंग म्हटलं, फोनवरचं हो चालत नसन. तसाच निघालो."

त्याला खरोखर वाटलं होतं, की तिला विचार चालू द्या म्हणताना आपलं स्वतःचं हो सांगायचंच आठ महिने राहून गेलं. त्याबद्दल तो माफी मागायला आला होता.

कोणी काही बोलायच्या आत नागपूरहून साहेबांचा फोन आला. ज्या संस्थेच्या आधारावर शेतवाणी चालत होती तिचे हे साहेब. सेवादासभाऊ उभं राहून बोलले. साहेब फार रागावले होते. आजच्या आज सर्व शेतकऱ्यांना दिलगिरीचा कॉल गेला पाहिजे, नाहीतर पुढचा विचार करावा लागेल. मग त्यांनी आणखी एक विचारलं. आजचा कॉल जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला होता आणि अर्ध्याहून जास्त लोकांनी एक दाबला होता. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. त्या बाई महिन्यातून एखादवेळ येऊ शकतील का?

"त्या विचार करून सांगतील," सेवादासभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

दिलगिरी कोणाच्या आवाजात द्यायची हा प्रश्न उभा राहिला. गोड, शहरी बाई नागपूरच्या स्टुडिओत असे आणि आज सुटीवर होती. मैनाबाईंना विचारायची कोणाची छाती नव्हती. तरी त्या आपणहून म्हणाल्या की मी चुकीचं काहीच बोलले नाही, माफी कशाची? राहिली उर्वशी. ती कागद घेऊन बसली. फोन वाजत होते. काकांचे दोन्ही कान लाल झाले होते. अंकुरनं एक रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि बाकावर बसून उत्तरं द्यायला लागला.

उर्वशीनं लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव उद्भवलेल्या गैरसोयीबद्दल'. मागून अंकुरचा आवाज येत होता. कोणाला तरी तो सांगत होता, की बोंडं उघडून पाहा, बाहेरून कळत नाही. कोणाला तरी सांगत होता, की सांभार पाण्यात उभा ठेवा, दोन दिवस राहतो. मग पलीकडून बहुधा तोच प्रश्न आला, कारण त्यानं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला.

"तिचं काम चालू हाय, काका," तो म्हणाला. "मशीनचं. महत्त्वाचं हाय. ते पुरं होऊ द्या. मंग तिले वाटलं त सांगन. अन् काम त तिचं पुढंही चालूच राह्यनार हाय, घाई कायची?"

उर्वशीची पेन्सिल थांबली. जे विचारायला तिला आठ महिने पुरले नव्हते त्याचं उत्तर न विचारता आलं होतं, तेही दुसऱ्याच कोणाला, फोनवर. तिनं ते एकदा मनातल्या मनात ताडून पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं, कारण आकडे जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नसतं, हे ती आजच शिकली होती. या वेळी आवाजही ऐकला होता.

ती उठली आणि कागद अंकुरच्या पुढं धरला. त्यानं वाचला. मान वर केली. तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं. तिनं सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

तोपर्यंत सरकणारी पट्टी संपली होती. खरा बॅकअप नव्या घरी पोचला होता. तिनं या वेळी प्रत्येक सल्ला कानाला लावून ऐकला. सगळीकडे गोड, शहरी बाईच होती. आता फक्त दिलगिरीची जागा रिकामी होती. सेवादासभाऊंनी खिडकी लावली, पंखा बंद केला. काकांनी दोन्ही रिसीव्हर बाजूला काढून ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाखालच्या यंत्रांना चोरून हात जोडले. मैनाबाई पदराचं टोक धरून बसल्या होत्या. अंकुर भिंतीजवळच्या आपट्याच्या पानाकडे पाहत होता, जणू ते वाचायचं आहे.

सेवादासभाऊंनी बोट वर केलं. उर्वशी कागदावरून वाचू लागली.

"नमस्कार. मी शेतवाणीतून उर्वशी बोलते. आज सकाळी तुम्हाला जो कॉल आला तो माझ्या चुकीनं आला. आवाज माझ्या आईचा होता आणि ती मला बोलत होती. तुमच्या घरी त्यावरून भांडण झालं असेल तर घरच्यांना हे ऐकवा. घाटंजीच्या लोकांनी सांभार आणला असेल तर तो खाऊन टाका. बोंडअळीचा सल्ला उद्या सकाळी येईल, तो सोपा आहे."

कागद संपला. सेवादासभाऊ रेकॉर्डिंगचं बटण बंद करायला पुढं झाले. तिनं डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. कपाटातल्या तीन यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आणि सकाळच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे," उर्वशी म्हणाली. "पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा."